एका खोलीची जुनी शाळा: इतिहास कसा शोधावा, इमारत आणि दप्तर कसे जपावे

लोकल बोर्डाच्या, म्हणजे जिल्हा परिषदेआधीच्या स्थानिक संस्थेच्या, काळातली शाळा बहुतेक गावांत लगेच ओळखू येते. हातभर उंच जोते, समोर पडवी, जांभ्याच्या किंवा काळ्या दगडाच्या जाड भिंती, सागवानी कैच्या (छपराचे तिकोनी सांगाडे) आणि वर मंगलोरी कौले. आत एकच खोली, त्यात चार इयत्ता आणि एक मास्तर. १९८७ साली खडू-फळा योजना आली. प्रत्येक प्राथमिक शाळेला निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक असावेत, हे त्या योजनेचे उद्दिष्ट होते. शेजारी स्लॅबच्या खोल्या उभ्या राहिल्या आणि जुनी खोली अडगळीची झाली. आज अशा इमारती पडतात त्या म्हाताऱ्या झाल्या म्हणून नव्हे. वरून पाणी शिरते, भिंतींना सिमेंट फासले जाते, आणि मग एक दिवस निर्लेखनाचा, म्हणजे इमारत बाद ठरवून पाडण्याचा, कागद निघतो. हे तिन्ही थांबवता येते.

आधी कागद, मग करणी

इमारत जिल्हा परिषदेची असते, गावाची किंवा मुख्याध्यापकांची नसते. परवानगीशिवाय एक कौलही बदलू नये, कारण पुढे काही पडले तर जबाबदारी काम करणाऱ्यावर येते. सुरुवात शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने करावी. त्यावर ग्रामसभेचा ठराव घ्यावा आणि दोन्हींच्या प्रती गटशिक्षणाधिकारी व जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाला देऊन पोच घ्यावी. ठरावात ‘दुरुस्ती’ एवढाच मोघम शब्द टाकला, तर मंजूर होणारे अंदाजपत्रक सिमेंट, पत्रे आणि टाइल्सचे असते. म्हणून ‘मूळ दगड, चुना, लाकूड व कौले कायम ठेवून दुरुस्ती’ असे स्पष्ट लिहावे.

निर्लेखनाचा प्रस्ताव आधीच गेला असेल, तर तो कोणत्या पाहणीवर आधारला आहे हे लेखी मागावे. ‘इमारत धोकादायक’ या शेऱ्यामागे अनेकदा फक्त छपराची नासाडी असते आणि भिंती शाबूत असतात. जुन्या दगडी बांधकामाची जाण असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल जोडून फेरपाहणी मागता येते. मात्र अहवाल येईपर्यंत त्या खोलीत मुले बसवू नयेत. जपणुकीची हौस मुलांच्या डोक्यावर छप्पर पडण्याइतकी मोठी नाही.

जागेचे काय, हेही याच वेळी पाहावे. पुष्कळ शाळा गावातल्या कुणीतरी तोंडी दिलेल्या जागेवर उभ्या आहेत. सातबारा किंवा मिळकत पत्रिका, ग्रामपंचायतीचा नमुना ८ (कर आकारणी नोंदवही) आणि जिल्हा परिषदेची मालमत्ता नोंदवही यांत शाळेचे नाव एकसारखे आहे का ते तपासावे. नसेल तर बक्षीसपत्र किंवा जुना ठराव शोधून नोंद दुरुस्त करून घ्यावी. दुरुस्तीवर पैसा खर्च झाल्यावर मूळ मालकाच्या वारसांनी हरकत घेतली की काम वर्षानुवर्षे अडते.

शाळेचा इतिहास कुठे सापडतो

शाळा सुरू झाल्याचे साल आणि इमारत बांधल्याचे साल वेगवेगळे असते. ही गल्लत स्मरणिकांमध्ये सर्रास दिसते. शाळा आधी देवळात, धर्मशाळेत किंवा चावडीत भरत असे. इमारत पुढे कित्येक वर्षांनी झाली. त्याही आधी पंतोजीची खासगी शाळा आणि धूळपाटी होती. तिची सरकारदरबारी नोंद बहुधा नसते.

मुंबई इलाख्यातल्या गावाला काळाचे टप्पे असे लावता येतात. सरकारी शिक्षण खाते १८५५ साली झाले. १८६० च्या दशकात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला आणि त्यातला तिसरा हिस्सा शाळांसाठी ठेवला गेला. खेड्यापाड्यांतल्या शाळांना पैसा मिळाला तो यातून. १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डे आली. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार खात्याकडून स्थानिक संस्थांकडे गेला. १९४७ च्या कायद्यानंतर जिल्हा स्कूल बोर्ड आले आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद. जुन्या पाटीवर ‘लो. बो.’ आहे, ‘स्कूल बोर्ड’ आहे की ‘जीवन शिक्षण मंदिर’ आहे, यावरूनही अंदाज बांधता येतो. शेवटचे नाव मूलोद्योगी शिक्षणाच्या (हस्तोद्योगातून शिकवण्याच्या) लाटेतले, म्हणजे १९३७ च्या वर्धा योजनेनंतरचे.

गाव संस्थानात असेल तर शोधाची वाटच वेगळी. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा तिथल्या शाळांचे कागद कोल्हापूरच्या अभिलेखागारात पाहावेत. मराठवाड्यातले गाव १९४८ पर्यंत निजामाकडे होते. तिथले कागद उर्दूत आणि साल फसली, म्हणजे महसुली सनाचे असते. हैदराबादी फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन निघतो, महिन्यांप्रमाणे एखादे वर्ष मागेपुढे धरावे. विदर्भात मध्य प्रांत-वऱ्हाडची व्यवस्था होती आणि १९४८ नंतर जनपद सभा या स्थानिक संस्था होत्या.

इंग्रजी अमदानीतले जिल्हा गॅझेटिअर आधी चाळावे. रत्नागिरीचे १८८० चे, कुलाब्याचे १८८३ चे, पुणे व सातारा १८८५ चे. त्यांत शिक्षणावर स्वतंत्र प्रकरण असते आणि मोठ्या गावांच्या वर्णनात शाळेचा उल्लेख येतो. तिथे उल्लेख नाही म्हणून त्या काळी शाळा नव्हती असा निष्कर्ष काढू नये. लहान गावे त्यात गाळलेलीच असतात. त्यानंतर १९५१ आणि १९६१ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तके पाहावीत.

इमारतही आपली साक्ष देते. कोनशिला असली तर प्रश्नच मिटला. नसली तर एक-दोन कौले काढून मागचा छाप वाचावा. मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली, म्हणजे मंगलोरी कौलांचे मूळ छप्पर त्याआधीचे असू शकत नाही. पहिल्या महायुद्धानंतर त्या मिशनचे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. लोखंडी तुळईवर टाटांचा छाप असेल तर ती १९१२ नंतरची, कारण टाटांचे पोलाद त्याच साली निघू लागले. पण कौले दर काही वर्षांनी बदलली जातात. एका कौलावरून साल ठरवू नये. आढ्याजवळची आणि मागच्या उतारावरची पंधरा-वीस कौले पाहून बहुसंख्य छाप कोणता ते नोंदवावे.

दप्तर: इमारतीइतकेच मोलाचे

शाळेतली सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे जनरल रजिस्टर. त्यात प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख, जात, दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख असते. जातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. गरीब घरांकडे शाळेच्या नोंदीपलीकडे दुसरा पुरावा क्वचितच असतो. म्हणूनच नेमकी हीच वही सर्वांत जास्त हाताळली जाते आणि सर्वांत आधी फाटते. ती गेली तर संग्रहातली एक वस्तू गेली एवढेच होत नाही. कुणाच्या तरी नातवाचा प्रवेश अडतो.

इतिहासासाठी शेरेबुक तितकेच मोलाचे. तपासणीला आलेल्या डेप्युटींचे (शाळा तपासनीसांचे) शेरे, पट, गैरहजेरीची कारणे (सुगी, पटकी, प्लेग), गळणाऱ्या छपराची तक्रार हे सगळे त्यात तारखेनिशी मिळते. हजेरीपट, जडवस्तू संग्रह नोंदवही आणि जुन्या पावत्याही टाकू नयेत. १९५० च्या आधीचे काही लिखाण मोडीत असेल. मोडी वाचता येणारा माणूस मिळेपर्यंत निदान त्याची नीट छायाचित्रे काढून ठेवावीत.

वह्या उन्हात वाळत घालू नयेत. शाई उडते आणि कागद ठिसूळ होतो. सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात पाने उघडी ठेवावीत. मऊ ब्रशने शिवणीकडून कडेकडे धूळ काढावी. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन पूर्ण वर्ज्य. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो, आणि लॅमिनेशन केलेले पान पुन्हा सोडवता येत नाही. फाटलेले पान जोडायचेच असेल तर पातळ जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची ताजी, पातळ खळ वापरावी. त्यात मोरचूद घालण्याची जुनी रीत सोडून द्यावी; तांब्याचा क्षार कागद खातो. वही धुतलेल्या, खळ काढलेल्या कोऱ्या मांजरपाटात बांधावी. पेशवे दप्तरातले कागद रुमालात बांधलेले असतात ते याच कारणाने: कापड धूळ अडवते पण हवा अडवत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत मात्र पावसाळ्यात बुरशी येते. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे आणि जमिनीपासून वीतभर वर ठेवावे.

छायाचित्रे काढताना मोबाइल स्टँडवर आडवा पक्का करावा आणि खिडकीचा उजेड एका बाजूने घ्यावा. फ्लॅश नको. कोरी पानेही सोडू नयेत, नाहीतर पुढे कुणी ‘मधले पान गायब’ अशी शंका घेतो. फायलीच्या नावात यूडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), वहीचे नाव, साल आणि पान क्रमांक या क्रमाने लिहावे. एक प्रत शाळेत, एक गटशिक्षण कार्यालयात, एक वेगळ्या गावी. या वह्यांत लोकांच्या जाती आणि जन्मतारखा आहेत, म्हणून त्यांची पाने समाजमाध्यमांवर टाकू नयेत. मूळ वही कुणालाही घरी देऊ नये, कितीही मोठा माणूस मागो.

वृद्धांच्या मुलाखती घेताना ‘तुमच्या वेळची शाळा कशी होती’ असे विचारले की कौतुकाची चार वाक्ये मिळतात. त्याऐवजी नेमके विचारावे: पाणी कुठून येई, कोण भरी, तासाला काय वाजवत, सारवण कोणाकडे होते, मास्तर कुठे राहत, कोणाला पडवीत बसवत. शेवटचा प्रश्न टाळू नये. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या करणारा समाजसुधारक सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला, पण गावागावांत तो अमलात यायला फार काळ गेला. जनरल रजिस्टरमध्ये दलित मुलाची आणि मुलीची पहिली नोंद कोणत्या साली आहे ते शोधून शाळेच्या इतिहासात लिहिलेच पाहिजे.

छप्पर

इमारतीचे काम वरून खाली करायचे. छप्पर गळत असताना भिंतीला हात लावणे म्हणजे पैसा वाया घालवणे.

भर दुपारी दारे-खिडक्या लावून आत उभे राहावे. जिथे उजेडाचा ठिपका दिसतो तिथे पाणी येते. त्याच्या खाली जमिनीवर खडूने खूण करावी. मग वासे आणि रिपा (कौले टेकतात त्या आडव्या पट्ट्या) टोच्याने टोचून पाहाव्यात. टोच्या सहज आत गेला तर लाकूड कुजले आहे किंवा वाळवीने पोखरले आहे. वाशाचे आणि कैचीचे टोक जिथे भिंतीत शिरते तिथे सर्वांत जास्त कूज असते, कारण तिथे हवा लागत नाही. वरून लाकूड ठणठणीत दिसले तरी ते टोक तपासल्याशिवाय सोडू नये.

कौले उतरवायची ती दिवाळीनंतर. कोकणात एप्रिलअखेर छप्पर पुन्हा झाकलेले हवे, वळवाचा भरवसा नाही. दोन्ही उतारांवरची कौले थोडी थोडी, सारखीच उतरवावीत. एक बाजू पूर्ण मोकळी आणि दुसरी भरलेली ठेवली तर कैचीवर एकतर्फी भार येऊन सांधे सुटतात.

उतरवलेले प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवावे. खणखणीत वाजले तर ठेवा, बद्द वाजले तर त्यात केसासारखी चीर आहे. शेवाळ पाणी आणि काथ्याच्या ब्रशने काढावे, ॲसिड वापरू नये. रिपांतले अंतर पुस्तकातून घेऊ नका. दोन कौले एकमेकांत बसवून एकाच्या नाकापासून दुसऱ्याच्या नाकापर्यंत मोजा. ते साधारण ३२ सेंटीमीटर भरते, पण कारखान्यागणिक थोडे बदलते, आणि तेवढ्यानेही कौल नीट बसत नाही. याच कारणाने जुनी आणि नवी कौले एकत्र मिसळू नयेत; खाचा जुळत नाहीत आणि पाणी आत येते. चांगली जुनी कौले सगळी दर्शनी उतारावर घ्यावीत, नवी सगळी मागच्या उतारावर.

किती कौले लागतील? खोली आणि पडवी मिळून ६ बाय ९ मीटर धरू. चारी बाजूंनी ६० सेंटीमीटर वळचण मिळवली की ७.२ बाय १०.२, म्हणजे सुमारे ७३ चौरस मीटर. उतार ३० अंशांचा असेल तर प्रत्यक्ष छप्पर ८५ चौरस मीटरच्या आसपास. चौरस मीटरला १५ कौले या हिशेबाने १,२७५, आणि फूटतूट धरून १,४००. आढ्यावरची कौले वेगळी. एक कौल अडीच-तीन किलोचे, म्हणजे छपरावर साडेतीन-चार टनांचा भार आहे. लाकूड तपासायचे ते हा आकडा डोळ्यांपुढे ठेवून.

कुजलेला वासा पूर्ण बदलण्याची गरज नेहमी नसते. खराब टोक कापून, तेवढाच जाड जुना साग तिरक्या लांब जोडाने बसवून बोल्टने आवळावा. जोडाची लांबी वाशाच्या जाडीच्या निदान तिप्पट हवी. जोड भिंतीजवळ असावा, वाशाच्या मध्यावर नको. भिंतीतल्या टोकाभोवती दोन बोटे मोकळी जागा सोडावी आणि ते सिमेंटमध्ये बुजवू नये. कैचीचे सांधे आणि तुळया यांची दुरुस्ती मात्र इंजिनिअरच्या नकाशाशिवाय करू नये. लाकडाला भुंगेरा लागला असेल तर बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सचे पाण्यातले पाच टक्के द्रावण कोरड्या लाकडाला दोन-तीन हात द्यावे. जमिनीतून येणाऱ्या वाळवीसाठी परवानाधारकाकडून जोत्याभोवती औषध घालून घ्यावे, तेही सुट्टीत आणि विहीर किंवा बोअरवेल जवळ नाही हे पाहून.

माकडांच्या त्रासाला कंटाळून पुष्कळ ठिकाणी पत्रे टाकतात. आमचे मत त्याच्या विरोधात आहे. पत्र्याखाली मार्चपासून बसवत नाही, पावसात मास्तरांचा आवाज दुसऱ्या ओळीपर्यंत पोचत नाही, आणि जड कौलांसाठी घडवलेल्या छपरावर हलका पत्रा वाऱ्याने उचलला जातो. त्यापेक्षा छपरावर आलेल्या फांद्या छाटाव्यात आणि शंभरेक कौले राखीव ठेवावीत.

भिंती: सिमेंट का नको

जुनी भिंत जमिनीतून आणि पावसातून थोडे पाणी घेते आणि चुन्याच्या दर्जांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, ते परत सोडते. दर्जांत सिमेंट भरले की ही वाट बंद होते. मग पाणी दगडातून बाहेर पडू पाहते. जांभा तर सच्छिद्रच. त्याचा पृष्ठभाग भुगा होऊन गळू लागतो, आत लोणा (क्षार) फुटतो आणि गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. लोक म्हणतात ओल वाढली, आणि आणखी सिमेंट लावतात.

सिमेंट काढायचे ते छिन्नी-हातोडीने, ग्राइंडरने नव्हे. ग्राइंडर दगडाची कड कापतो. सिमेंट दगडाला इतके घट्ट धरून असेल की काढताना दगडच फुटतो, तर तेवढे तिथेच राहू द्यावे. दर्जा रुंदीच्या दुप्पट, निदान एक इंच खोल मोकळ्या कराव्यात, ब्रशने धूळ काढावी आणि पाणी मारून ओल्या कराव्यात.

कळीचा चुना विरवताना पिंपात आधी पाणी घ्यावे आणि चुना त्यात थोडा थोडा टाकावा. उलट केले तर उकळते शिंतोडे डोळ्यांत जातात. चष्मा आणि हातमोजे हवेतच, मुले जवळ नकोत. विरलेला चुना गाळून, वर पाण्याचा थर ठेवून निदान तीन आठवडे मुरू द्यावा. मग मापाने एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची भुकटी) आणि दोन भाग धुतलेली वाळू. सुरखी नीट भाजलेल्या पण काळ्या न पडलेल्या विटांची असावी. खाडीची वाळू घेऊ नये. तिच्यातले मीठ पुढे भिंतीवर फुटते. क्रश सँड वापरायची तर भुकटी निघून जाईपर्यंत धुवावी. मिश्रणात पाणी कमीत कमी हवे. सुरखी मिसळलेला माल त्याच दिवशी संपवावा. भरलेल्या दर्जांवर ओली गोणपाटे लावून आठ-दहा दिवस ओल टिकवावी. उन्हात एका दिवसात वाळलेला चुना हाताने खरवडला जातो, आणि मग दोष चुन्याला दिला जातो. हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातच करावे.

भेग दिसली की लगेच बुजवू नये. दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहावी आणि एक पूर्ण पावसाळा दर महिन्याला पाहावे. वर रुंद आणि खाली अरुंद भेग बहुधा कैची भिंतीला बाहेर ढकलत असल्याची खूण असते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग पाया खचल्याची. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात उघडणारी आणि पावसात मिटणारी भेग वेगळी. तिथे आधी पाण्याचा निचरा सुधारावा. भिंतीत उगवलेला पिंपळ उपटू नये, मुळांबरोबर दगड निघतात. खोड कापून बुंध्याला औषध लावावे आणि मुळे मेल्यावर दर्जा भरावी.

जोत्याभोवतीची जमीन वर्षानुवर्षांच्या भरावाने वर आलेली असते. ती उतरवून जोते पुन्हा वीतभर तरी मोकळे करावे, आणि पागोळ्या पडतात तिथे खडी भरलेला चर काढून पाणी दूर न्यावे. आत सिमेंट काँक्रीटवर चकचकीत टाइल्स बसवल्या तर जमिनीतली ओल भिंतींकडे वळते. शहाबादी फरशी चुन्यात बसवावी किंवा सारवण ठेवावे.

रंगाला फक्त चुना: गाळलेला, दुधासारखा पातळ, तीन-चार हात, प्रत्येक हात आदल्या दिवशीचा वाळल्यावर. ऑइल पेंट आणि प्लॅस्टिक पेंट भिंतीचा श्वास कोंडतात. ‘बोलक्या भिंती’ (अभ्यासाची चित्रे व तक्ते रंगवलेल्या भिंती) हव्याच असतात, तर त्या प्लायवूडच्या फलकांवर रंगवून टांगाव्यात. जुना रंग खरवडण्याआधी तीन-चार जागी हाताएवढा चौकोन अलगद उघडून पाहावा. खालच्या थरात सुविचार, वेळापत्रक किंवा नकाशा निघू शकतो. भिंतीत केलेला जुना काळा फळा फोडू नये. चिरा चुन्याने भरून, घासून पुन्हा काळा करता येतो.

दरवर्षी काय पाहावे

रिकामी इमारत सर्वांत लवकर खचते, म्हणून खोली वापरात ठेवावी: वाचनालय, जुन्या दप्तराचे आणि नकाशांचे दालन, ग्रामसभेची जागा. खिडक्या रोज उघडल्या गेल्या तरी निम्मी बुरशी टळते. मे महिन्यात शाकारणी करावी, सरकलेली कौले बसवावीत आणि चर साफ करावा. पहिल्या मोठ्या पावसात कुणीतरी आत उभे राहून गळती बघावी आणि खुणा कराव्यात. गणपतीच्या सुमारास दप्तराचे कपाट उघडून बुरशी व कसर तपासावी. दिवाळीनंतर भेगांच्या रेघा मोजाव्यात. हे सर्व तारीख, खर्च आणि काम करणाऱ्याचे नाव यांसह एका स्वतंत्र वहीत लिहावे, आणि ती वही जडवस्तू नोंदवहीत चढवून घ्यावी, म्हणजे मुख्याध्यापक बदलले तरी चार्ज देताना ती पुढच्याच्या हाती जाईल.